सोडून दिलेली चूल

या, असे जवळ सरकून बसा... सोलापुरातल्या एका बहिणीची गोष्ट सांगतो. ऐकून जीव निवेल तुमचा!

"गाडी जुंपलीया, शिवा. आता तरी जवळ येशील का, का अशीच लांबून हात जोडशील?"

चन्नवीरअण्णाचा तो कठोर स्वर ऐकला आणि अंगणात उभ्या असलेल्या शिवबाईच्या काळजात चर्र झाले! घर तिचेच, पण कित्येक दिवसांत तिने त्याचा उंबरा ओलांडला नव्हता...

शिवबाई वळसंगच्या लिंगायत घराण्यातली. नवऱ्यासह, रावजीसह, तिने बाप्तिस्मा घेतला आणि थोरल्या भावाने माहेरचे दार कायमचे लावून घेतले. तोच भाऊ यंदा वैशाखात आजारी बायकोला, गौरम्माला, घेऊन शहराच्या दवाखान्यात आला. पोटाची शस्त्रक्रिया झाली, पण डॉक्टर म्हणाले, "काही दिवस जवळपासच राहा." राहणार कुठे? रावजीला कळताच त्याने गळ घालून दोघांना घरी आणले. दारी येणारा पाहुणा प्रभूच धाडतो, असे दर रविवारी कीर्तनात गाऊन सांगणारा तो माणूस, मेव्हण्याला धर्मशाळेत कसा राहू देईल?

आणि शिवबाईने घर सारवले, नवी मडकी मांडली, आपली चूल मोकळी करून दिली आणि नवऱ्यासह मागच्या लाकडांच्या खोपटात मुक्काम हलवला! पाणी भरायला, रांधायला शेजारची दगडाबाई सांगितली. ती भावाच्याच जातीची. आपला हात लागून अण्णाचा नेम मोडला, तो संतापून निघून गेला, तर वैनीचे उपचार अर्धवट राहतील... या एकाच भयाने ती दुरूनच "बरं वाटतंय का?" विचारी आणि खोपटात जाऊन डोळ्यांना पदर लावी.

"अण्णा, काही चुकलं का माझं?" तिने विचारले.

"चुकलं? घर दिलंस, समदं दिलंस! पण दगडाबाईच्या हातनं! परक्या बाईनं मला वाढलं आणि माझी सख्खी बहीण अंगणातनं बघत ऱ्हायली. माहेर तोडलं म्हणून माझ्यावर येवढा राग?"

"राग?... अरे अण्णा, तुझा नेम मोडू नये म्हणून रे! माझ्या हातचं तू शिवणार नाहीस, असंच समजून चालले मी!"

"मला इचारलंस व्हय कधी?"

"तू सांगितलंस का कधी?"

तेवढ्यात गाडीत टेकून बसलेली गौरम्मा कडाडली, "भावाबहिणीची एकच खोड! ह्यो आत कुढतोय, ती भाईर रडतीया, आणि मी मधी उपाशी. वन्सं, खोपटात भाकरी थापल्याचा आवाज रोज ऐकतीया मी. दगडाबाईची भाकर म्हंजे नुसती चामडी! आणा की तुमची!"

"वैनी... खाशील तू?"

"न्हाय खाल्ली तर वळसंगपातुर जीव टिकंल का माझा?"

शिवबाई धावली. ज्वारीची ताजी भाकर, वर शेंगाचटणी... गौरम्माने पहिला घास मोडला. दुसरा तिने नवऱ्यापुढे धरला. चन्नवीरचा हात क्षणभर गळ्यातल्या लिंगाच्या डबीकडे गेला... मग तो बायकोच्या हातातला घास बाजूला सारून बहिणीकडे वळला.

"तुज्या हातनं दे."

त्या करुणामय क्षणी शिवबाईने घास मोडला. तिने तो भावाला भरवला. इतक्या वर्षांचा कोंडलेला हुंदका मोकळा झाला, आणि अण्णाने तिचे डोके छातीशी धरले!

"मेव्हणं, मीठ जास्ती झालं तर बोलू नका," डोळे पुसत रावजी म्हणाला, "मी बी कधी बोलत न्हाय."

सगळी हसली. गाडी हलली तेव्हा चन्नवीर मागे वळून ओरडला, "पंचमीला गाडी धाडतो, शिवा! दोघं बी या. आमचा देव आमच्या गळ्यात हाय, तुमचा तुमी संगं आणा!"

शिवबाईचे मोठेपण तर तुमच्या ध्यानात राहीलच, मायबापहो. पण जिला भूक लागली आणि जिने ती बोलून दाखवली, त्या गौरम्मालाही आज जेवताना जरा आठवा.