एर्मेकबूबूला आग्रहाचं आमंत्रण

जवाचं मक्सिम विकतात त्या पिंपापाशी मी रांगेत उभी होते. ऑगस्ट संपत आला होता तरी बिश्केकचं ऊन काही ऐकायला तयार नव्हतं, आणि ते आंबूस गार पेय पोटात गेल्याशिवाय दुपारी माझं डोकं चालत नाही. पुढचा माणूस उंच होता. खांद्यावर पिशवी, बुटांवर गावाकडची धूळ. त्यानं मागे वळून विचारलं,

"इथं 'आक कागाज' नावाचं ऑफिस कुठे आहे हो? लग्नाच्या पत्रिका करतात ते."

"आहे जवळच. पत्रिका करायचीय?"

"छे! तिथल्या एका गाढवाला भेटायचंय."

पेल्यासाठी काढलेली नाणी माझ्या मुठीतच राहिली. "कुठल्या गाढवाला?"

"ज्यानं संगणकात माझ्या आत्याचं नाव बदललं... त्या. चांगलं सुनावणार आहे त्याला."

"चला, दाखवते," मी म्हणाले.

वाटेत त्यानं आपलं नाव सांगितलं — तिलेक. कोचकोरला जनावरांचा डॉक्टर. धाकट्या भावाचं, एर्मेकचं, लग्न महिन्यावर आलं होतं. मी फक्त "हं... हं..." करत राहिले. जिना चढून आम्ही वर आलो, मी पर्स ठेवली, माझ्या खुर्चीत बसले आणि म्हणाले,

"बसा. गाढव हजर आहे. सुनवा."

त्याचे कान लाल झाले. खरंच सांगते, कानाच्या पाळीपासून वरपर्यंत. पलीकडच्या टेबलावरून आमच्या मालकीणबाई, साल्किन एजे — एजे म्हणजे ताई — खो-खो हसल्या.

"मी... मला वाटलं कुणी पुरुष असेल..."

"गाढव म्हटल्यावर तसं वाटणारच," मी म्हणाले. "दाखवा पत्रिका."

त्यानं पिशवीतून छापील पत्रिका काढली. वडीलधाऱ्यांना आम्ही फोनवर नाही, कागदावर आमंत्रण देतो. त्यावर सुरेख वळणदार अक्षरांत लिहिलं होतं — 'आदरणीय एर्मेकबूबू, आमच्या लाडक्या एर्मेकच्या आणि चिनाराच्या लग्नाला सप्टेंबर चिनाराच्या शेवटच्या शनिवारी अगत्य यावं.'

"आत्याचं नाव नूरबूबू," तिलेक म्हणाला. "आणि हा 'सप्टेंबर चिनारा' कुठल्या पंचांगातला, ते तुम्हीच सांगा."

मला हसू आवरेना आणि रडूही येईना. घोळ माझाच होता. पत्रिकेचा मजकूर लिहिताना नमुना म्हणून मी नवऱ्याचं नाव नूर आणि नवरीचं आय टाकलं होतं. प्रोग्रॅम आधी पाहुण्याचं नाव भरायचा, मग अख्ख्या मजकुरात जिथं 'नूर' दिसेल तिथं खरा नवरा बसवायचा आणि जिथं 'आय' दिसेल तिथं खरी नवरी. बिचाऱ्या प्रोग्रॅमला काय ठाऊक, की आमच्याकडे निम्म्या बायकांच्या नावात नूर असतो, आणि चंद्रालाही आय म्हणतात, महिन्यालाही आयच!

"आत्या काय म्हणाल्या?"

"चष्मा लावला, वाचलं, पत्रिका किटलीखाली ठेवली. म्हणाली, एर्मेकबूबू नावाची बाई आली की तिला दे. मी काही लग्नाला येत नाही." त्याचा आवाज जरा खाली आला. "आई लहानपणीच गेली आमची. आत्यानंच वाढवलं. नवरीच्या डोक्यावर पांढरा रुमाल तिनंच बांधायचा, असं एर्मेक शाळेत असल्यापासून ठरलंय. तीच आली नाही तर..."

मग मात्र मी थट्टा केली नाही. "थांबा. आत्ता करते नीट."

दोन-चार ओळी बदलल्या. आता 'नूर' सुटा, एकटा दिसला तरच तो बदलायचा. दुसऱ्या शब्दात अडकलेला असेल तर हात लावायचा नाही. मोठ्या तोऱ्यात मी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. "वाचा."

तो खुर्ची ओढून जवळ आला. अंगाला वाळलेल्या गवताचा वास होता.

"आदरणीय नूरबूबू..." तो खुलला. "वा! ...आमच्या लाडक्या नूरच्या आणि आयच्या लग्नाला..." तो थांबला. "हा नूर कोण?"

मी कपाळाला हात लावला. 'नूर' ओळखता येत होतं, पण 'नूरच्या' म्हटलं की 'च्या' चिकटल्यामुळे प्रोग्रॅमला ते नाव वाटेचना.

"आत्या म्हणेल," तिलेक गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "या वयात माझंच लग्न लावताय का रे?"

आणि आम्ही दोघं इतके हसलो — इतके — की साल्किन एजे चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दुरुस्ती चाललीय की साखरपुडा? संध्याकाळी आणखी दोन लग्नांच्या पत्रिका जायच्यात, चोल्पोन!"

मी पुन्हा पडद्यात डोकं घातलं. तिलेकला नुसतं बसवेना, म्हणून तो पाहुण्यांची नावं वाचून दाखवू लागला. "नूरजान... ही आमची मावशी, घोड्यावरून पडली तरी बोलायची थांबत नाही. आयशा... हिच्या गाईचं बाळंतपण मी केलं, तेव्हापासून जावयासारखा मान देते. आयबेक... हा माझे पैसे देत नाही, पण गाणं छान म्हणतो." बोटं माझी चालत होती, पण कान त्याच्याकडे होते. इतकी माणसं, आणि प्रत्येकाचं नाव तो असं घेत होता, जसं कुणी हातावर अंडं ठेवून चालतं.

ऐकता ऐकताच मला कळलं, की मी शोधायची पद्धत बदलत बसले होते, आणि चूक शोधण्यात नव्हतीच. मजकुरात खऱ्या माणसांची नावं नमुना म्हणून ठेवायलाच नको होती. मी ती काढून टाकली. त्यांच्या जागी अशी खूण ठेवली, जी या पृथ्वीवर कुणाच्याच नावात सापडणार नाही. आधी नवरा-नवरी बसवायचे, पाहुण्याचं नाव सगळ्यांत शेवटी. त्यानंतर त्या मजकुराला कुणी हात लावायचा नाही.

"वाच आता," मी म्हणाले, आणि जीभ चावली. "म्हणजे... वाचा."

"वाच चांगलं होतं," तो पडद्याकडे बघत म्हणाला. कान पुन्हा लाल.

या वेळी सगळं जागच्या जागी होतं. एर्मेक, चिनारा, नूरबूबू. आणि सप्टेंबर नुसता सप्टेंबर.

छापलेली नवी पत्रिका घेऊन तो गेला, तेव्हा जिन्यावरचा त्याच्या बुटांचा आवाज संपेपर्यंत मी उगाचच पेन्सिली नीट लावत होते.

दोन दिवसांनी फोन आला.

"आत्या ऐकत नाही. म्हणते, ज्यानं माझं नाव बदललं त्याला घेऊन ये. मी म्हटलं, तो नाही, ती आहे."

"मग?"

"तर म्हणते..." तो घुटमळला. "मग तर घेऊनच ये."

रविवारी मी कोचकोरची गाडी धरली. बोओम खिंडीत पावसाची बारीक भुरभुर सुरू झाली, काच धूसर झाली, आणि आत्यांपुढे काय बोलायचं ते मी मनात घोकू लागले. तिलेक गाडीतळावर छत्री न घेताच उभा होता. "भिऊ नकोस," म्हणाला. "फक्त मेंढ्यांवर ओरडते ती."

नूरबूबू आत्या अंगणात कढईपाशी बसून बोर्सोक तळत होत्या. वर न पाहता त्यांनी झारा माझ्या हातात दिला. "जाळू नकोस." मी ते कणकेचे तुकडे परतत राहिले, आणि त्यांनी चष्मा पुसून पत्रिका वाचली. आपलं नाव त्यांनी मोठ्यानं, सावकाश उच्चारलं.

"नूर म्हणजे काय, ठाऊक आहे ना?"

"प्रकाश."

"हिवाळाभर आमच्या खिंडीत ऊन आलं नव्हतं. मी जन्मले त्या सकाळी आलं. माझ्या बापानं त्यावरून ठेवलंय हे नाव. माझ्याकडे त्याचं दुसरं काही उरलेलं नाही, पोरी."

"चुकले मी, आत्या. नाव म्हणजे मला नुसती अक्षरं वाटली होती."

त्यांनी कढईत डोकावून पाहिलं. मग झारा परत घेतला. "बोर्सोक बरे तळतेस. येईन मी लग्नाला. तूही यायचंस." आणि लगेच, "शहरात तुझं कुणी आहे का?"

"आत्या!" गोठ्याच्या दारातून तिलेक ओरडला.

"तुला नाही विचारलं. तू गाय बघ."

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी आत्यांनी चिनाराच्या डोक्यावर पांढरा रुमाल बांधला. एर्मेक लहान मुलासारखा डोळे पुसत होता. मीही पुसले. मग गर्दीतून तिलेकनं मला खूण केली, आणि आम्ही घरामागच्या झाडांच्या रांगेपाशी आलो. पिवळी पानं गिरक्या घेत पडत होती.

"मला... एक विचारायचं होतं," तो म्हणाला.

"विचार."

"थंडी वाजतेय का?"

"नाही."

"मग... चहा हवाय?"

"तिलेक! गाईच्या पोटात आडवं झालेलं वासरू बाहेर काढतोस, आणि एक वाक्य तुला बाहेर काढता येत नाही?"

"वासरू सोपं असतं," तो कळवळून म्हणाला. मग एक लांब श्वास घेतला. "चोल्पोन, त्या दिवसापासून गाडीत बसलो की वाटतं बिश्केकला निघालोय. जनावरं तपासताना तुझ्याशीच बोलत असतो... गाईसुद्धा वैतागल्या. मला तू आवडतेस. फार."

"मलाही," एवढंच मी म्हणाले. "फोन वाजला की मी... मलाही."

तो हसला. त्याचा हात माझ्या हाताकडे आला, मध्येच थबकला... उरलेलं अंतर मी संपवलं.

"झालं का बोलून?" दारातून आत्यांचा आवाज. "गारठाल दोघं! मटणाचा शोर्पो निवतोय, आत या."

आम्ही आत गेलो. अख्खं घर आमच्याकडे बघत होतं, नूरजान मावशीचं बोलणंसुद्धा थांबलं होतं. पण हात सोडायचं त्यालाही सुचलं नाही, आणि मी तरी कशाला आठवण करून देऊ?