गोधडीतला परका तुकडा

तो पहिल्यांदा शिवणाच्या दुकानात आला तेव्हा धाकटी सुईशी भांडत बसली होती. दोरा ओला करून झाला, पिळून झाला, एक डोळा मिटून झाला, तरी नेढं काही सापडेना. दारातल्या माणसानं काही न विचारता हात पुढे केला, सुई घेतली, दोरा ओवला आणि परत दिली.

"मी ओवतच होते," ती म्हणाली.

"दिसलं की... दोन मिनिटं तेच बघत होतो."

दोन महिन्यांपूर्वी कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान उघडलं होतं, त्याचा हा मालक. गल्लीत सगळे त्याला चष्मेवालाच म्हणत. त्यानं पिशवीतून एक शर्ट काढला. निळ्या रेघांचा, धुऊन धुऊन लोण्यासारखा मऊ झालेला. खांद्यात आत घ्यायचा होता. घाई नाही, पण जरा सांभाळून, असं तो दोनदा म्हणाला.

"मी काय कुऱ्हाडीनं शिवते?"

तो हसला. जाता जाता म्हणाला, एकदा नजर तपासून घ्या.

"माझी नजर ठणठणीत आहे. समोरच्याच्या मनातलंसुद्धा दिसतं मला."

"मग माझी पंचाईत आहे," तो म्हणाला – आणि वळून न बघता गेला.

धाकटीचे कान तापले. तिनं चिठ्ठी लिहिली, टाचणीनं शर्टाला लावली आणि शर्ट खुर्चीवर टाकला. माणसानं कशाचाही गर्व करावा, डोळ्यांचा करू नये. सहा महिने तिला जवळचं धूसर दिसत होतं आणि सहा महिने ती दिव्याला शिव्या देत होती.

तिच्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती – थोरली. थोरल्या बहिणीला सातवा लागला होता. मागच्या खेपेला सातव्यातच घरानं मोठा समारंभ केला होता. फुगे, फोटो, शंभर माणसं, हातभर लांबीचा केक. पुढच्या तीन आठवड्यांत सगळं संपलं. मग आलेली खेळणी बांधून परत पाठवायचं कामही थोरलीनंच केलं, कारण बाकी कोणाचा हात त्या खोक्यांना लागेना. आता ती कोणाला पोट दिसू नये म्हणून ढगळ कपडे घाली. बाळाचा विषय निघाला की उठून जाई. मागच्या वेळी मीच गाजावाजा केला म्हणून असं झालं, हे तिनं मनात घट्ट धरून ठेवलं होतं, आणि मनात धरलेलं काढायला कुठली कात्री नसते.

आई म्हणाली, राहू दे, या वेळी काहीच नको. धाकटीला ते पटलं नाही. दुःखाला दार सताड उघडं ठेवायचं आणि आनंदाला मागच्या दारानं आत घ्यायचं, हा कुठला न्याय? तिनं वेगळं बेतलं. त्या वाईट वर्षात जी माणसं थोरलीसाठी उभी राहिली, तेवढीच नऊ बोलवायची. कोणी भेट आणायची नाही. प्रत्येकानं फक्त आपला एक जुना, अंगानं मऊ झालेला कपडा द्यायचा. त्याची ती गोधडी शिवणार होती.

थोरलीनं ऐकलं आणि तोंड फिरवलं. धाकटीनं तिची मनधरणी केली नाही, ते तिच्या स्वभावात नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "बाळासाठी नाही, तुझ्यासाठी आहे. तिथं बाळाचं नाव काढील त्याला मी दाराबाहेर घालीन."

शेवटी थोरली म्हणाली, पाव तास बसेन. दार उघडं ठेवायचं. एक शब्द इकडचा तिकडे झाला की उठेन.

तेवढं पुरेसं होतं. कपडे यायला लागले. रात्रभर थोरलीचा हात धरून बसलेल्या नर्सचा कोट आला. तिला चढताना बघून रोज मिनिटभर बस थांबवणाऱ्या ड्रायव्हरची खाकी पँट आली. तीन महिने न बोलता जेवणाचा डबा दारात ठेवणाऱ्या शेजारच्या मावशीचा दुपट्टा आला. भावोजींनी आपला झोपायचा सदरा दिला आणि कधी नव्हे ते डोळे पुसत गेले. धाकटी सगळं त्या खुर्चीवर टाकत गेली.

समारंभाला पाच दिवस राहिले तेव्हा तिनं बेतायला घेतलं. कात्री काय सुंदर चालली त्या दिवशी... निळ्या रेघांचं कापड तर पाण्यासारखं कापलं गेलं. पाठ, दोन्ही बाह्या, चौकोन तयार. खाली पडलेले दोरे गोळा करायला ती वाकली तेव्हा टाचणी बोटाला टोचली. टाचणीला चिठ्ठी होती. चिठ्ठी डोळ्यांपासून हातभर लांब धरली तेव्हा कुठे वाचता आली. तिच्याच हातानं लिहिलेलं – चष्मेवाला, खांदे आत, सांभाळून.

पंधरा वर्षांत तिनं गिऱ्हाइकाचा रुमालसुद्धा हरवला नव्हता.

ती तशीच उठून कोपऱ्यावर गेली. दुकानात त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. इकडचं तिकडचं न बोलता तिनं सांगून टाकलं, आणि उरलेला पुढचा भाग, कॉलर आणि खिसा काचेवर ठेवला.

तो बराच वेळ खिशावरून बोट फिरवत राहिला. खिशाच्या कोपऱ्यात शाईचा डाग होता.

"बाबांचा आहे," तो म्हणाला. "मागच्या वर्षी गेले. मी त्यांच्याएवढा रुंद नाही... म्हणून आत घ्यायचा होता."

धाकटीनं काचेवरची कॉलर सरळ केली. ती म्हणाली, तुकडे अजून जोडलेले नाहीत, सगळे आणून देते, जमेल तसा शर्ट पुन्हा उभा करते. त्यानं विचारलं, कापड कशासाठी घेतलं होतं? तिनं थोरलीचं सगळं सांगितलं. ऐकताना त्यानं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. ज्याला एवढं ऐकता येतं असा पुरुष तिनं पाहिला नव्हता.

मग तो म्हणाला, तुकडे राहू द्या तिथेच. मी तो शर्ट वर्षभर नुसता कपाटात ठेवला होता. तिथं कोणाच्या अंगावर तरी येईल. मला खिसा तेवढा पुरे. थांबून म्हणाला, "पण एक अट आहे. त्या उंच खुर्चीत बसा."

तिनं हुज्जत घातली नाही, यावरूनच ती किती हादरली होती ते समजा. त्यानं तिच्या नाकावर जड फ्रेम ठेवली आणि एकेक काच घालत, काढत विचारलं – ही बरी, की ही? ही... की ही? त्याचे हात कानांजवळून जात तेव्हा ती श्वास धरून बसे. मग एक काच बसली आणि सगळं लख्ख झालं. समोर वितीवर त्याचा चेहरा होता.

"काय दिसतंय?"

"तुमच्या भुवईवर वण आहे."

"मी अक्षरांचं विचारत होतो."

"अक्षरं कुठे पळून जातायत..." ती म्हणाली, आणि मग दोघंही भिंतीवरच्या तक्त्याकडे फार मन लावून बघायला लागले.

चष्मा दोन दिवसांत तयार झाला. द्यायला तो स्वतः आला. दुसऱ्या दिवशी दांडी सैल झाली का बघायला आला. तिसऱ्या दिवशी काही कारण नव्हतं, तरी आला, आणि मावशीच्या दुपट्ट्याची कड धरून बसला, म्हणजे तिला सरळ टाके घालता यावेत.

समारंभाच्या दुपारी नऊ माणसं गोल करून बसली. फुगे नव्हते, गाणी नव्हती. दार उघडं होतं. थोरली दाराजवळच्याच खुर्चीवर टेकली, चपला न काढता. धाकटीनं गोधडी तिच्या मांडीवर पसरली.

कोणी काही सांगितलं नाही. थोरलीच एकेका तुकड्यावर हात ठेवत गेली आणि मान वर करून त्या त्या माणसाकडे बघत गेली. नर्स. ड्रायव्हर. मावशी. आई. भावोजींच्या तुकड्यावर तिचा हात जास्त वेळ राहिला. मग ती निळ्या रेघांवर आली. सगळ्या तोंडांकडे बघून झालं, तरी धनी सापडेना.

"हा कोणाचा?"

धाकटीला खोटं बोलता आलं असतं. दुकानातला तुकडा, रंग जुळला म्हणून घेतला – कोणाला कळलं नसतं. पण थोरली दाराशी बसली होती, आणि खोट्याच्या पायावर तिला आत आणायचं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं. टाचणी, चिठ्ठी, सहा महिन्यांचा गर्व, वडिलांचा शर्ट.

मग थोरलीच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. आई घाबरून उठली. पण थोरली हसत होती. पंधरा वर्षं एकेका बटणावरून लोकांना फाडून खाणारी बाई तू, म्हणाली ती, आणि अख्खा शर्ट कापलास... हसता हसता तिनं पोट धरलं, एकदम थांबली, आणि हात तिथेच राहिला.

"हलतंय," ती म्हणाली.

सगळे खाली बघायला लागले. दाराबाहेर घालायची धमकी धाकटीनं सगळ्यांनाच आधी देऊन ठेवली होती. थोरलीनंच एक पाय उचलून चप्पल काढली, मग दुसरी.

"त्या माणसाला बोलाव," ती धाकटीला म्हणाली. "माझं बाळ त्याच्या वडिलांचा शर्ट पांघरणार, आणि मी त्याला अजून पाहिलं नाही."

माझं बाळ. नर्सनं आईचा हात दाबला. भावोजी पाणी आणायला म्हणून उठले आणि स्वयंपाकघरातून लवकर परत आलेच नाहीत.

धाकटी रस्ता जवळजवळ पळतच गेली. चष्मेवाला काच पुसत होता. बहिणीनं बोलावलंय, असं तिनं सांगितलं.

त्यानं फडकं ठेवलं. "तिथं सगळी तुमची जवळची माणसं. मी कोण म्हणून येऊ?"

गिऱ्हाईक म्हणावं, तर गिऱ्हाइकाला कोणी घरच्या गोधडीत घालत नाही. शेजारी म्हणावं, तर शेजारी रोज दांडी बघायला येत नाही. तिनं आधी आभार मानायचे ठरवले. आभार मानायची तिला सवय नव्हती, पण ते तिनं मानले, नीट, डोळ्यांत बघून – शर्टाचे, दुपट्ट्याची कड धरल्याचे, थोरली हसल्याचे. मग त्याचा प्रश्न तेवढा उरला.

"माझा म्हणून ये," ती म्हणाली.

त्यानं शटर अर्धंच ओढलं आणि तिच्याबरोबर चालायला लागला.