थेलब्रिगच्या फाटकावरचा पहारा

ही गोष्ट मी रचलेली नाही. माझ्या सख्ख्या मावशीवर ती ओढवली, आणि त्या दुपारी मी तिथे होते. दहा वर्षांची.

८ डिसेंबर १९५१, शनिवार. नॉरफोकमधलं आमचं थेलब्रिग गाव.

आमच्या चर्चचा गोल बुरूज गारगोट्यांचा, आठशे वर्षांपूर्वीचा. इतक्या वर्षांत आवारात इतकी माणसं पुरली गेली की जमीन खिडक्यांपर्यंत चढली होती. चर्चमध्ये जायला दोन पायऱ्या उतराव्या लागत. आता जागाच उरली नव्हती. वरून हुकूम आला होता... सोमवारपासून सगळी दफनं टेकडीवर.

त्या शेवटच्या शनिवारी दोन शवपेट्या आल्या. एक म्हाताऱ्या एनॉक लार्टरची. दुसरी हेस्टरमावशीच्या आयव्हीची. सात वर्षांची पोर, मेंदूज्वराने तीन दिवसांत गेली.

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं... शेवटी पुरलेला माणूस फाटकावर पहारा देतो. पुढचा आला की तो सुटतो.

आयव्ही आधी पोचली होती. फाटकाच्या छपराखाली, मधल्या दगडी कट्ट्यावर तिची पेटी टेकवली होती. "चला, आत घेऊ," पाद्रीबाबा म्हणाले, तशी मावशी पेटीवर आडवी पडली.

"थोडा वेळ हो... एवढंच. मग ती कुठे माझ्यापाशी राहणार आहे?"

"हेस्टर, ऊठ गं," माझी आई कुजबुजली. "लार्टरची माणसं येताहेत."

"येऊ देत."

ती आलीच. पेटी खांद्यावर घेऊन चक्क पळत.

"अरे, हला पुढे!" लार्टरचा थोरला ओरडला. "म्हातारा जन्मात कधी रांगेत उभा राहिला नाही, आता राहतोय होय!"

कुणीतरी हसलं. पेटी मावशीच्या अंगाला घासून आत गेली.

मग मावशी उठली. तिने आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं... आणि तिला कळलं.

आयव्ही शेवटची ठरली होती.

तिच्यामागून आता कुणीच येणार नव्हतं. कधीच.

दुसऱ्या दिवशी चार वाजता, अंधारून येताना, मावशी एकटीच तिकडे गेली. वारा पडला होता. बुरुजावरचे कावळेही गप्प होते.

छपराखालून आवाज आला...

टप. टप. टप.

थंडीत लहान मूल पाय आपटतं ना, तसा.

मावशी धावली. कुणीच नव्हतं. कट्टा दहिवराने पांढरा झालेला. मध्ये मात्र दोन वीत जागा कोरडी... एखादं मूल बसावं एवढी.

तिने हात टेकवला.

दगड कोमट होता.

ती तशीच पाद्रीबाबांकडे गेली.

"मी मेले की मला तिथेच पुरा. आत्ता लिहून द्या."

"हेस्टरबाई, कायदा आहे. माझ्या हातात काय आहे?"

"मग त्या लार्टरला उकरा आणि परत पुरा!"

"परमेश्वर लेकरांना पहाऱ्याला उभं करत नाही, बाई."

"येऊन ऐका तरी."

ते आले. त्यांनी ऐकलं. त्यानंतर ते मागच्या भिंतीतल्या दारानेच ये-जा करत.

मावशी रोज चार वाजता तिथे जाऊन बसायची. गोष्टी सांगायची, बडबडगाणी म्हणायची. तेवढा वेळ आवाज थांबायचा. अशी बावीस वर्षं.

मग ती गेली. तिला टेकडीवर पुरलं. तिथून बुरूज दिसतो. फाटक दिसत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी त्या वाटेने गेले. चर्चला कधीचंच कुलूप आहे. मी आता चौऱ्याऐंशीची. म्हातारपणी मी हुबेहूब मावशीसारखी दिसते, असं आरसाच सांगतो. फाटकापाशी दम खायला जरा थांबले...

"आई, आलीस?"

मी ओ दिली नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही.

काठी टेकत मी चालू लागले. मागून छोटी पावलं पळत आली... छपराच्या कडेपर्यंत.

त्यापुढे तिला येता येत नाही.