चार नंबरचं झाकण

परवा तू जहाजावर चढणार, म्हणून आज सांगतो. बाकीच्यांनी ऐकायचं तर ऐका, नाहीतर पांघरूण घेऊन झोपा. मध्ये फाटे फोडायचे नाहीत.

माझ्याबरोबर एकवीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढलेला आचारी तुम्हाला माहीत आहे. जिना चढायच्या आधीच ज्याचं बोलणं सुरू होतं, तोच. हे त्याच्या बाबतीत घडलं. नोव्हेंबरची चौदा तारीख, गुरुवार, रात्रीचे साडेदहा. जहाजावर ओल्या लाकडाचे ओंडके. बंदरात जहाजाच्या पोटातले तीन खण रिकामे झालेले. चौथ्यातला माल पुढच्या बंदराचा, म्हणून चार नंबरचं झाकण बंद. पहाटे चारला निघायचं होतं आणि एक खलाशी दोन दिवस गायब.

तो खलाशी म्हणजे लांब्या, आचाऱ्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आचाऱ्यानेच शब्द टाकून त्याला कामाला लावलेलं.

चीफ ऑफिसर, म्हणजे कप्तानाच्या खालोखालचा साहेब, स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "तुझा मेव्हणा गावात बाईच्या नादी लागलाय. बघ सापडतो का. नाहीतर पळाला म्हणून लिहून मोकळा होतो. घरीही तसंच कळवतो."

आचाऱ्याने हातातली परात आपटली. राग साहेबाचा नाही, लांब्याचा. घरी बहिणीला सातवा महिना. तिला काय सांगायचं, तुझा नवरा परक्या गावात तोंड काळं करून बसलाय? "कॉलर धरून आणतो," म्हणाला आणि उतरला.

बंदरामागच्या गल्ल्या मी पुष्कळ पाहिल्यात. अर्धं शटर ओढलेले बार, तासावर मिळणाऱ्या खोल्या, चोरीचे मोबाइल विकणारे, उभं राहून राहून पाय सुजलेल्या बायका. आचारी फोनवरचा फोटो दाखवत फिरला. पहिल्याच बारमध्ये गल्ल्यावरची बाई मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली, "आत्ताच गेला. प्यायला काही नाही. नुसतं खिडकी उघडा, खिडकी उघडा म्हणत होता."

पत्त्यांच्या अड्ड्यावर तेच. तिथल्या माणसाने वर शिवी घातली. "धूर सहन होत नाही तर येतो कशाला? दार सताड उघडं टाकून गेला तुमचा पाहुणा."

आचाऱ्याचं डोकं आणखी फिरलं. म्हणजे हा राजा गावभर हिंडतोय आणि इथे आपण त्याच्यासाठी वणवण करतोय.

तासावरच्या खोल्यांच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारी बसली होती. तिने खोली दाखवली. थंडी मरणाची, तरी सगळ्या खिडक्या उघड्या. चादरीला सुरकुतीसुद्धा नाही.

"बाई नको म्हणाला. खिडकीशी उभा राहिला नुसता," ती म्हणाली. "त्याला दवाखान्यात ने. त्याला श्वास येत नाही."

आचाऱ्याने खिडकीतून खाली पाहिलं.

दिव्याखाली लांब्या. पाठमोरा...

"थांब रे हरामखोरा." आचारी जिना उतरून धावला. लांब्या चालत होता. आचारी धावत होता. अंतर तेवढंच. शिव्या दिल्या. बहिणीची शपथ घातली. तो वळला नाही.

बंदराचं फाटक. पहारेकऱ्याने वही पुढे केली. आचाऱ्याने न बघता सही ठोकली. एक वाजून पन्नास मिनिटं.

लांब्या जहाजाच्या शिडीवर. मग डेकवर. मग चार नंबरच्या झाकणापाशी. उभा राहिला.

आणि मग... नव्हता.

झाकण बाहेरून आवळलेलं. आचाऱ्याने त्याला हात घातला, तर मागून साहेबाचा आवाज. "ते उघडायचं नाही."

"का? साहेब, का?"

साहेबाने वाट अडवली. तोंडावर राग नव्हता. भीती होती.

आचाऱ्याने त्याला ढकललं आणि झाकण उघडलं. लांब्या आतल्या शिडीच्या पायथ्याशी पडला होता. डॉक्टर म्हणाला, मरून दोन दिवस झालेत.

आता नीट ऐक. ओलं लाकूड बंद खणातली हवा खाऊन टाकतं. आधी हवा खेळू द्यायची, यंत्राने तपासायची, मगच माणूस आत. यंत्र बिघडलेलं होतं आणि साहेबाला घाई होती. "जा, ओंडके घट्ट आहेत का बघून ये, दोन मिनिटांचं काम आहे," म्हणाला. लांब्या खाली कोसळलेला दिसला, तर या हलकटाने वरून झाकण लावलं. चौकशीत जहाज अडकेल, आपली नोकरी जाईल, म्हणून. आणि वर मेलेल्या माणसाला बाईच्या नावाने बदनाम करायला निघाला. आचाऱ्याला गल्ल्यांत पाठवलं ते शोधायला नव्हे, शोधलं होतं असं दाखवायला. पोलिसांपुढे सगळं कबूल केलं त्याने. माझं रक्त अजून उकळतं. आचारी मात्र स्वतःवरच जास्त चिडलाय. तो आत मरून पडला होता आणि मी रात्रभर त्यालाच शिव्या दिल्या, म्हणतो.

तुला कुणी असं घाईने आत जा म्हणालं, तर जायचं नाही. नोकरी गेली खड्ड्यात.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी फाटकावरची वही मागवली. पहारेकरी म्हणाला, त्या वेळी एकच माणूस आला, धापा टाकत. पण आचाऱ्याच्या सहीच्या वर आणखी एक ओळ होती. वेळ तीच. ती लिपी तिथे कुणाला वाचता येईना, म्हणून आचाऱ्याला बोलावलं. नावाच्या रकान्यात लांब्याचं पूर्ण नाव होतं. कामाच्या रकान्यात लिहिलं होतं...

मी पळालो नाही.

आचाऱ्याने फोटो काढून बहिणीला पाठवला. मग तिचा फोन आला. अक्षर त्यांचंच आहे, एवढंच ती म्हणाली.