जोडीतली सुटलेली रात्र

“सरांना मीच मारलं, असं सगळे म्हणतायत,” ऋतिका म्हणाली. ती गुप्तहेर गौरवी प्रभुदेसाईच्या दारात उभी होती.

जब्बारसर डिचोलीतले निवृत्त अरबी शिक्षक. धर्मग्रंथातल्या शब्दांची घडण हा त्यांचा आयुष्याचा अभ्यास. काल रात्री ते घराच्या मागच्या पायऱ्यांखाली डोकं फुटून पडलेले सापडले. दिवेलागणीला शेजारणीने त्यांचा आवाज ऐकला होता. त्यानंतर घरात गेली ती एकटी ऋतिका, त्यांची विद्यार्थिनी.

गौरवी लगेच निघाली. तिचा सहायक धाकू मागोमाग.

सरांच्या खोलीत शेल्फावर स्पीकर होता.

“स्वप्नीलने दिलेला,” ऋतिका म्हणाली. “कुठूनही मोबाइलवरून लागतो. तो सरांचे धडेही रेकॉर्ड करायचा. पण त्याचा प्रबंध वाचल्यापासून सर गप्पच होते.”

स्वप्नील सरांचा जुना विद्यार्थी. “दुपारी भेटून गेलो,” तो शांतपणे म्हणाला. “दिवेलागणीला मी वाळपईच्या बाजारात होतो. कोणालाही विचारा.”

धाकूला ते पटलं.

शेजारच्या सिंधूकाकी पदराने डोळे पुसत होत्या. “खिडकी बंद होती गो, पण आवाज सरांचोच. त्या धर्मग्रंथातल्या शपथा शिकवीत होते, ‘सूर्याची शपथ’ तशा. आधी अरबी, मग मराठी अर्थ. सूर्य, चंद्र... दिवस... मग आभाळ, जमीन.”

“आणि रात्र?” गौरवीने विचारलं.

काकी थबकल्या. “रात्र? नाय बाय. ती आयकूंक नाय.”

गौरवीने सगळ्यांना सरांच्या खोलीत बोलावलं.

“त्या ओळी जोडीने चालतात,” ती म्हणाली. “सूर्याला चंद्र, आभाळाला जमीन. मग दिवस एकटा कसा? जन्मभर हीच रचना शिकवणारे सर जोडी मोडणार नाहीत. काकींनी ऐकला तो जुना धडा, मधला तुकडा कापलेला. त्या तुकड्यात दुसऱ्या कोणाचा तरी आवाज असणार. ते रेकॉर्डिंग आणि स्पीकर, दोन्ही एकाचंच. सरांचा जीव दुपारीच गेला होता, स्वप्नील. तू वाळपईहून त्यांना बोलतं ठेवलंस. प्रबंधात त्यांचंच संशोधन होतं ना?”

स्वप्नीलने शेल्फावरच्या स्पीकरकडे पाहिलं.

“ते सगळ्यांना सांगणार होते,” स्वप्नील पुटपुटला. “मी ढकललं.”

“त्या तुकड्यात काय होतं?” धाकूने विचारलं.

“माझा प्रश्न. रात्रीच्या ओळीतल्या क्रियापदाचा मूळ अर्थ काय? सर हसून म्हणाले, ‘झाकणं.’”

ऋतिका तिथेच जमिनीवर बसली आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडली. सिंधूकाकींनी तिला जवळ घेतलं.