पहिला कट्टा

त्याने धानाचा कट्टा – आमच्याकडे पोत्याला कट्टाच म्हणतात – काट्यावर ठेवला आणि त्याच घडीला माझा प्रोग्राम बंद पडला. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं... बाहेर धुकं होतं, त्याच्या केसांवर दवाचे बारीक थेंब होते, आणि तो किंचित हसला. दुसरी एखादी असती तर लाजली असती. माझ्या मनात एवढंच आलं – यानेच काहीतरी केलं.

मी मुळातच संशयी. आई म्हणते, आमच्या दुर्गेश्वरीच्या हातावर प्रसाद ठेवला तरी ती आधी वास घेऊन बघते. पण त्या दिवसांत संशय घ्यायला मला कारणही होतं.

गोरेगावच्या बाजाराला लागून आमचं घर आहे, आणि घराच्या पुढच्या छपरीत बाबूजींचा काटा. शेतकरी गटाचं धान मोजायचं काम उदाराम पटलेंकडे, म्हणजे माझ्या बाबूजींकडे, हे माझ्या जन्माआधीपासून ठरलेलं. आधी बाबूजी पायलीने मोजायचे, मग लोखंडी काटा आला, मग आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक. साधन बदललं, पण बाबूजींनी मोजलेलं धान कोणी दुसरीकडे नेऊन मोजलं नाही. आमच्या घरात नाव घेण्यासारखं काही असेल तर ते हेच.

आणि ते मीच धोक्यात घातलं होतं. गोंदियाला कॉलेज संपवून घरी आले आणि हट्टाने काट्याला कंप्युटर जोडला. प्रोग्राम मी स्वतः लिहिला. शेतकऱ्याचं नाव टाका, कट्ट्याचा त्या दिवसाचा नंबर टाका, एंटर दाबा, की काट्यावरचं वजन आपोआप पडद्यावर मोठ्या अक्षरांत येईल, असा. बाबूजींना इंग्रजी येत नाही म्हणून मराठी कीबोर्डही बसवला. माझ्या लॅपटॉपवर सगळं झकास चालत होतं. छपरीतल्या कंप्युटरवर मात्र पहिल्याच दिवशी अडलं, कारण फाईलचा पत्ता मी माझ्या लॅपटॉपचाच लिहून ठेवला होता. ते मी कोणाला न सांगता गुपचूप दुरुस्त केलं. पण त्यानंतर रोज सकाळी पहिल्या कट्ट्याला प्रोग्रामची खिडकी गडप व्हायला लागली. मी धावत यायची, पुन्हा चालू करायची, पहिला कट्टा स्वतः टाकून दाखवायची, आणि मग दिवसभर काही होत नसे. वर अधूनमधून पडदा पांढरा पडून आधीच्याच कट्ट्याचं वजन तसंच दिसत राहायचं, ते वेगळंच.

वजनाच्या जागी असं झालं की माणसं लगेच काही बोलत नाहीत. आधी नुसती एकमेकांकडे बघतात. गटाचे प्रमुख केशोराव मात्र बोलले. "उदाराम, तुयावर भरोसा आहे, या डब्ब्यावर नाही. बाजाराच्या दिवशी गट बसते. तवरिक हे सुधारलं त ठीक, नाही त यंदाचा काटा चंद्रकुमारकडं जाईल." चंद्रकुमार म्हणजे बाजाराच्या पलीकडच्या टोकाचा काटेवाला. बाबूजी मला एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचाच मला जास्त त्रास झाला.

आणि नेमका तेव्हाच हा उगवला होता. ओमेश. गाव चोरखमाऱ्याकडचं, गोंदियात कुठल्याशा क्लासमध्ये कंप्युटर शिकवतो, एवढं त्याने बाबूजींना सांगितलं. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी तो मोटारसायकलवर एक कट्टा बांधून यायचा. एकच. लोक ट्रॅक्टर भरून आणतात, बैलबंडी भरून आणतात, आणि हा रोज एक कट्टा... मोजून झाल्यावर तो गटाच्या गोदामात टाकायचा आणि गोंदियाला निघून जायचा. त्याच्या किल्लीच्या जुडग्याला पेन ड्राईव्ह लटकलेला असायचा. वजन काट्यावर होत असलं तरी त्याचं लक्ष काट्याकडे नसायचं. ते आधी पडद्याकडे असायचं, आणि मग माझ्याकडे.

एके सकाळी पडदा पांढरा पडला तेव्हा तो टेबलाजवळ आला आणि हळूच म्हणाला, "काट्याची वाट पाहाचं काम अन् खिडकी रंगवाचं काम तुमी एकाच माणसाले देलं. तो वाट पाहत बसते, मंग खिडकी कोण रंगवन? वाट पाहणारा येगळा ठेवा."

"तुमाले कोणी विचारलं?"

"कोणी नाही. पाहून राहिलो म्हणून बोललो."

"तुमी धान मोजाले येता का पडदा पाहाले?"

"दोनी," तो म्हणाला आणि कट्टा उचलून चालायला लागला.

संध्याकाळी मी पुस्तकं उघडली. त्याचं म्हणणं खरं होतं. काट्याकडून आकडा येईपर्यंत माझा सगळा प्रोग्राम हात बांधून उभा राहत होता. मी वाट पाहायचं काम वेगळं काढलं आणि पडदा पांढरा पडणं थांबलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या ते लगेच लक्षात आलं.

"सुधारलं वाटते."

"आपोआप सुधारलं," मी म्हणाले.

"हो, कंप्युटर तसे गुणाचे असतात," असं म्हणून तो इतका गंभीर चेहरा करून उभा राहिला की मला हसू दाबायला तोंड फिरवावं लागलं. मग माझा मलाच राग आला. ज्याचा संशय घ्यायचा त्याच्या बोलण्यावर हसायचं म्हणजे काय? आणि त्या दिवसापासून मी सकाळी मोटारसायकलच्या आवाजाकडे कान लावून बसते, हे माझ्या ध्यानात आलं होतं. ते मी चौकशीचा भाग आहे असं धरून चालले.

त्यातच शेजारच्या नंदाबाईंनी आईला बातमी दिली. हा ओमेश म्हणजे त्या चंद्रकुमारचा सख्खा भाचा. आईने ती मला चुलीजवळ सांगितली आणि माझी तांदळाची भाकर तव्यावर तशीच करपली. सगळं जुळत होतं. मामाला काटा हवा, भाच्याला कंप्युटर कळतो, आणि प्रोग्राम बंद पडतो तो नेमका भाच्याच्या कट्ट्याला. मला मोठा शोध लागल्यासारखं वाटायला हवं होतं. पण वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं, आणि का ते कळायला मला काही फार विचार करावा लागला नाही. मला तो आवडायला लागला होता.

दुसऱ्या सकाळी मी नुसती नजर ठेवली. बाबूजींचं बोट एंटरकडे गेलं आणि ओमेश पुटपुटला, "आता बंद पडते पाहा." आणि पडलाच.

मी त्याला छपरीबाहेर गाठलं. धुक्यात त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता, ते बरंच झालं. "तुमाले आधीच कसं समजलं?"

"रोजच पडते. पहिल्या कट्ट्याले."

"पहिला कट्टा रोज तुमचा असते."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "म्हणजे... मी पाडतो?"

"चंद्रकुमार तुमचे मामा नाहीत का?"

त्याने किल्लीचं जुडगं बोटांत फिरवलं. मग म्हणाला, "आहेत. तुमी उद्या एक करा. मले बाहेर उभं ठेवा, आधी दुसऱ्याचं मोजा. माया कट्ट्यानं बंद पडत असन त समजून जाईल. अन् आणखी एक... रोज पडलं की तुमी धावता अन् सोता चालू करता. उद्या हात लावू नका. तुमच्या बाबूजीलेच करू द्या, तुमी निस्त्या पाहा."

चोर स्वतःच आपली झडती घ्यायला सांगतो, हे मला अजूनच संशयास्पद वाटलं. पण दुसरा दिवस बाजाराचा होता आणि दुपारी गट बसणार होता. माझ्याकडे याहून बरा उपाय नव्हता.

सकाळी तो आला तेव्हा मी त्याला रस्त्याच्या पलीकडे थांबायला सांगितलं. तो मुकाट्याने गाडीला टेकून उभा राहिला, कट्टा मागे बांधलेलाच. केशोरावांची बैलबंडी आली होती. गटात बोलायच्या आधी त्यांना स्वतःच्या धानावर खात्री करून घ्यायची होती. मी त्यांचा कट्टा आधी ठेवायला लावला. बाबूजींनी नाव टाकलं, नंबर टाकला, एंटर दाबलं.

खिडकी गडप झाली.

केशोराव माझ्याकडे बघत होते आणि मी रस्त्यापलीकडे. त्याने हात वर करून मोकळे तळवे दाखवले. त्याच्यावर घेतलेला सगळा संशय असा एका घडीत फुकट गेला आणि मला इतका आनंद झाला की क्षणभर केशोराव समोर आहेत हेही मी विसरले.

नेहमीप्रमाणे मी टेबलाकडे धावले, आणि धावता धावता त्याचं दुसरं वाक्य आठवलं. मी हात मागे घेतले. "बाबूजी, तुमीच पुन्हा करा. मी पाहतो, हात नाही लावत."

बाबूजींनी प्रोग्राम चालू केला. केशोरावांचं नाव एकेक अक्षर शोधून टाकलं. मग ते नंबरच्या चौकोनात आले, आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत त्यांनी तीन कळा दाबल्या. ल. काना. भ.

लाभ.

धान मोजताना आमच्याकडे कोणी 'एक' म्हणत नाही. पहिली पायली 'लाभ', मग दोन, मग तीन. लक्ष्मी दारात उभी असताना एकाने मोजायला सुरुवात करायची नाही, अशी रीत आहे. बाबूजी रोज सकाळी हे मोठ्याने म्हणत, आणि जन्मापासून ऐकल्यामुळे मला ते ऐकूच येत नव्हतं. त्या चौकोनात आकडाच येणार असं मी धरून चालले होते. अक्षर आलं की प्रोग्राम गडबडून मरत होता, आणि मरताना काय झालं ते सांगायलाही मी त्याला ठेवलं नव्हतं. शेतकरी घाबरतील म्हणून चूक दाखवणारे सगळे निरोप मीच बंद केले होते. मी चालू करायची तेव्हा विचार न करता १ टाकायची. म्हणूनच माझ्या हाताने तो कधी बंद पडला नाही.

"बाबूजी, तुमी हे सांगतलं काऊन नाही?"

"काय सांगाचं त्यात?" बाबूजी खरोखरच गोंधळले होते. "पहिल्याले लाभच म्हणतात ना."

त्यांना उद्यापासून १ टाका म्हटलं असतं तर त्यांनी टाकलाही असता. लेकीसाठी एवढं त्यांनी केलंच असतं. पण माझी जीभ रेटली नाही. मी रस्त्यापलीकडे हाक मारली, "ओमेशजी, इकडं या."

दोघं एकाच स्टुलावर अर्धे अर्धे बसलो, कारण छपरीत दुसरं स्टूल नव्हतं. मी लिहिलं, चौकोनात लाभ आलं तर एक समजायचं. त्याने सुचवलं, दुसरं काही भलतंसलतं आलं तर बंद न पडता सरळ मराठीत विचारायचं, हे काय लिहिलं म्हणून. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. त्याच्या शर्टाला नव्या धानाचा वास होता. दोन ओळी लिहायला मला बराच वेळ लागला.

केशोरावांची सगळी बैलबंडी त्यांच्या डोळ्यांदेखत मोजून झाली. लाभपासून शेवटच्या कट्ट्यापर्यंत पडदा एकदाही हलला नाही. दुपारी गट बसला तेव्हा केशोराव एवढंच म्हणाले की उदारामचा डब्बा आता उदारामसारखाच मोजते. काटा आमच्याकडेच राहिला. बाबूजी त्या दिवशी जेवताना दोन वेळा हसले, तेही कारण नसताना.

ओमेश मात्र रोज एक कट्टा घेऊन येतच राहिला. माझ्याच्याने राहवेना. एका सकाळी मी त्याला कट्टा उतरवूच दिला नाही.

"आधी सांगा. काऊन रोज एकच कट्टा आणून राहिले?"

"वाटेतच पडते..."

"खरं सांगा."

त्याने कट्ट्याची दोरी पुन्हा पुन्हा सोडली आणि बांधली. "पहिला कट्टा मामाच्या सांगण्यावरून आणला. पाहून ये म्हणाले, उदारामची पोरगी काय करून राहिली. तुमचा संशय काही अगदीच खोटा नव्हता. मामाले त्याच दिवशी सांगतलं, मले नाही जमत. पण दुसऱ्या कट्ट्यापासून... ते सगळे माये होते. एकदम आणले असते त एकाच दिवशी सपलं असतं ना."

"धान?"

"तुमाले पाहणं."

माझा संशय थोडा का होईना बरोबर निघाला, याचा मला आधी आनंद झाला. दुसरा आनंद त्याच्या मागोमाग आला आणि तो जास्त टिकला. मी बाजूला झाले आणि त्याला कट्टा उतरवू दिला. मोजून झाल्यावर गाडीला किक मारून तो म्हणाला, "हा शेवटचा होता. घरचं धान सपलं." आणि धुक्यात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो येणार नाही असं मी मनाला समजावलं होतं. तरी पहाटेच वेणी घातली. मोटारसायकल आली. मागे काहीच बांधलेलं नव्हतं. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरला वाट देऊन तो छपरीत येऊन उभा राहिला, रिकाम्या हातांनी.

"कट्टा कोठी आहे, बाबू?" बाबूजींनी विचारलं.

"सपला, काकाजी." तो माझ्याकडे बघत होता. "तरी आलो..."

बाबूजी काही विचारायच्या आत मी म्हणाले, "काट्यावर उभे राहा."

तो गोंधळला.

"उभे राहा. अन् ते किल्ल्यांचं जुडगं बाहेर काढून ठेवा. मले वजन बरोबर पाहिजे."

त्याने जुडगं पेन ड्राईव्हसकट माझ्या हातात दिलं आणि काट्यावर चढला. मी बाबूजींच्या समोरचा कीबोर्ड माझ्याकडे ओढला, त्याचं नाव टाकलं. मग नंबरच्या चौकोनात बाबूजी बघत असताना तीन कळा दाबल्या. ल. काना. भ. एंटर. खिडकी जागची हलली नाही, आणि ओमेशच्या नावापुढे त्याचं वजन मोठ्या अक्षरांत उमटलं. मला मान वर करायचा धीर होईना.

बाबूजींनी चष्मा पुसला. पडद्याकडे पाहिलं, काट्यावर ताठ उभ्या असलेल्या ओमेशकडे पाहिलं, माझ्या मुठीतल्या किल्ल्यांकडे पाहिलं. मग ट्रॅक्टरवाल्याकडे वळून त्यांनी नेहमीच्या आवाजात हाक दिली.

"आणा जी तुमचा. दोन."