डावीला एक, उजवीला दोन

"डावीला एक टिंब, उजवीला दोन, चुकलास पोरा, तर मरेल कोण?"

उस्ताद जाऊन वीस वर्षं झाली, तरी हा सूर मिस्त्रीच्या कानातून गेला नव्हता. जोडीनं बसणारा कुठलाही भाग हातात आला, की तो हेच गुणगुणत पंचनं टिंबं ठोकायचा. एकदा त्या भागावर, एकदा तो जिथं बसतो त्या ब्रॅकेटवर.

आता मिस्त्री कोठडीत होता. त्यानं ब्रेक बसवलेली गाडी तिसऱ्या दिवशी उतारावर थांबलीच नाही. चालवणारा तरुण जागीच गेला.

मिस्त्रीची मुलगी सकाळीच बाईंकडे आली. बाईंची हयात विम्यासाठी मोडक्या गाड्या तपासण्यात गेलेली. आता त्या खासगी तपास करायच्या. सोबत मास्तर असायचे. अक्षर मोत्यासारखं, डोकं सावकाश.

"अण्णा म्हणतात, माझंच काहीतरी चुकलं असेल," मुलगी म्हणाली. "उद्या कोर्टात ते तसं कबूल करणार आहेत."

कोठडीत मिस्त्रीनं सगळं काम मान खाली घालून सांगितलं. चाकाबरोबर फिरणारी डिस्क चिमटीत धरणारे ब्रेकचे जबडे, म्हणजे कॅलिपर, मूळ गाडीचे नव्हते. बाजारातले, मोठे, काळे. आधी ते चाकाच्या आऱ्यांना घासले, म्हणून मध्ये स्पेसरची जाड चकती घालून चाक बाहेर घेतलं. मग डिस्क मधोमध येईना, तेव्हा शिमच्या पातळ पट्ट्या घातल्या. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाइप ताणत नाही ना ते पाहिलं. शेवटी ब्रेकच्या तेलातली हवा काढली. पेडल पहिल्याच दाबाला दगडासारखं.

पोलिसांचा संशय स्पेसरवर होता. बाई पोलिसांच्या आवारात गाडीपाशी उकिडव्या बसल्या. चाकाच्या आत ओरखडा नव्हता, पाइप शाबूत होता. पण कॅलिपर लालभडक होते, आणि हवा काढायचं निपल तळाशी.

"मास्तर, पाण्यातली हवा कुठं जाते?"

"वर."

"लिहा."

मग त्यांनी किल्लीनं रंग खरवडला. डाव्या ब्रॅकेटवर एक टिंब होतं. त्यावर बसलेल्या कॅलिपरवर दोन.

मेलेल्याचा मेव्हणा सुट्या भागांचा दुकानदार. त्यानं कॅलिपरचं खोकं सीलबंद दिलं होतं, आणि अपघाताच्या आदल्या दिवशी, रविवारी, तो गावातच नव्हता. "दाजींना सगळं स्वतः करायची हौस," तो म्हणाला. "केससुद्धा स्वतःच कापायचे. दिसायचंच ते."

मेलेल्याची बायको रविवारी दिवसभर आजारी आईपाशी होती. संध्याकाळी आली तर कॅलिपर लाल. नवरा म्हणाला, न उतरवता जागेवरच रंगवले. घरात दुसरे फक्त सासरे, तात्या. मुलाच्या प्रत्येक कामात खोट काढायचे. एका छताखाली दोघं दोन वर्षं बोलत नव्हते.

तक्रार तात्यांचीच होती. तीस वर्षं बस चालवलेला माणूस. आपण त्या गाडीत कधी बसलोच नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

"पण हे काम म्हणायचं? पहिल्या दाबाला पेडल खाली, दोनदा हाणलं की वर. आमच्या डेपोत असल्या मिस्त्रीला फाटकात उभं केलं नसतं."

मास्तरांनी तेही सुवाच्य अक्षरात उतरवलं.

दुपारी बाईंनी सगळ्यांना तात्यांच्या बैठकीत बसवलं. मिस्त्रीची मुलगी दाराशीच उभी राहिली.

बाई म्हणाल्या, मिस्त्रीचं काम चोख होतं. टिंबं सांगतात की कॅलिपर नंतर कुणीतरी उतरवले आणि परत बसवताना डावा उजवीकडे गेला. त्यामुळं वर असायचं निपल तळाशी आलं, हवा वर अडकून राहिली, आणि पेडलचा जोर चाकापर्यंत पोचेना. रंगासाठी ते उतरवले मुलानंच. चूक त्याची.

"आणि कॅलिपर उतरवल्यावर आत शिरलेली हवा काढायला माणसं दोन लागतात. एक खाली निपलपाशी, एक वर पेडलवर. सूनबाई घरात नव्हत्या, मेव्हणे गावात नव्हते."

बाई तात्यांकडे वळल्या.

"तात्या, पेडल दुसऱ्या दाबाला वर येतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? मिस्त्रीनं दिलं तेव्हा ते घट्ट होतं. नंतरचं फक्त मुलाला माहीत, आणि ज्याचा पाय त्यावर होता त्याला."

मास्तर वहीची पानं मागं उलटू लागले, आणि थांबले.

तात्यांनी चष्मा काढला. सुनेकडे पाहवेना, म्हणून ते मिस्त्रीच्या मुलीकडे बघत बोलले.

"रविवारी त्यानं हाक मारली. 'तात्या, जरा पेडल दाबता का?' दोन वर्षांनी. मी अनवाणीच धावलो. तो 'दाबा' म्हणायचा, दाबायचो. 'सोडा' म्हणायचा, सोडायचो. शेवटी खालून विचारलं, घट्ट लागतंय ना? मऊ होतं, पोरी. तीस वर्षांचा पाय आहे, कळलं मला. पण खोट काढली असती तर तो पुन्हा उठून गेला असता. मी म्हणालो, घट्ट आहे."